जर्मनीत नवीन आहात? घरच्या नेटबद्दल थोडं

घरात नेट पहिल्याच आठवड्यात सुरू होईल, असं धरून चालू नका. अर्ज केल्यावर टेक्निशियनची तारीख मिळते, ती दोन-चार आठवड्यांनंतरचीही असू शकते. त्या दिवशी घर सोडू नका, आणि खालच्या बेलवर तुमचं आडनाव आधीच लावून ठेवा, नाहीतर तो आल्या पावली परत जातो. तोच आला नाही, तर १० युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या २० टक्के, जे जास्त असेल ते भरपाई म्हणून मागा. डिसेंबर २०२१ पासून हा तुमचा हक्क आहे. तोवर प्रीपेड सिमवर भागवा. त्यालाही पासपोर्ट दाखवावा लागतो.

"इथे काय काय बंद असतं?" हे सगळे विचारतात. फारसं काही नाही. सेन्सॉरशिप होणार नाही, असं इथल्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमातच लिहिलंय. २००९ मध्ये सरकारने वेबसाइट अडवण्याचा कायदा आणला, तेव्हा १ लाख ३४ हजार लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि २०११ मध्ये तो रद्द झाला. मार्च २०२२ पासून युरोपीय संघात आरटी आणि स्पुटनिक या रशियन वाहिन्यांवर बंदी आहे, ती वेगळी. एरवी इथे सहसा आधी कुणी अडवत नाही. नंतर पत्र येतं.

आमच्याकडे ते आलं होतं. बरोबर राहणाऱ्या मुलाने टॉरेंटवरून एक सिनेमा उतरवला. टॉरेंटवर तुम्ही उतरवत असता तेव्हाच तो दुसऱ्यांना वाटतही असता, आणि सिनेमा कंपनीच्या वकिलांची माणसं नेमके तेच आयपी पत्ते, म्हणजे नेट कनेक्शनचे क्रमांक, टिपतात. मग कोर्टाच्या आदेशाने नेट कंपनीकडून नाव मिळतं. कनेक्शन माझ्या नावावर, म्हणून शेकडो युरोंची मागणी मला. या पत्राला 'आबमानुंग' म्हणतात. ते फेकू नका, पण सोबतच्या, 'पुन्हा असं करणार नाही' अशा हमीपत्रावर घाबरून सहीही करू नका. ती हमी वर्षानुवर्षं गळ्यात राहते. मुदत बघा आणि आधी 'फरब्राउखरत्सेंट्राले'त, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्रात जा.

दुसरी गोष्ट आपल्या काळजाची आहे. दिवाळीत दारातल्या स्वस्तिकाचा फोटो आपण सहज स्टेटसला ठेवतो. इथे नाझी चिन्हं दाखवणं फौजदारी कायद्याच्या कलम ८६-अ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याचा रोख आपल्या पूजेवर नाही. पण फोटो बघणाऱ्या जर्मन सहकाऱ्याला ते कसं कळणार? ज्यांच्या घरातली माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली, त्यांच्या मनाचाही विचार करा. घरात जरूर काढा. सार्वजनिक पोस्टसाठी पणत्यांचा फोटो निवडा.

शिवीगाळही सांभाळा, ऑनलाइन अपमानाच्याही तक्रारी पोलिसांत होतात.

टपालपेटी रोज उघडा. वकिलाचं पत्र आलंच तर मला फोटो पाठवा, रात्री उशीर झाला असला तरी चालेल. सही मात्र त्याआधी करू नका.