गोव्यातून राणीच्या बागेला जाताना बुधवार टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन मुंबईला जाणार असाल, तर भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी बुधवार सोडून दुसरा दिवस धरा. बुधवारी बाग बंद असते, आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही. आपल्याला गोव्यातल्या बोंडला प्राणिसंग्रहालयाचा सुट्टीचा गुरुवार पाठ असतो, तिथे गोंधळ होतो.

कोकणकन्येने निघालात तर पहाटेच सीएसएमटीला उतरता. बाग साडेनऊच्या सुमारास उघडते, म्हणून सामान क्लोकरूममध्ये टाका, आंघोळ-नाश्ता उरका आणि लोकलने भायखळा गाठा. सकाळची गर्दी सीएसएमटीकडे येणारी असते; तुम्ही उलट्या दिशेने जाता, त्यामुळे पोरं चेंगरत नाहीत.

आत शिरल्यावर आधी पेंग्विन. हे हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१६ मध्ये इथे आणलेले. दुपारनंतर तिथली रांग हलता हलत नाही. मग वाघ आणि पक्ष्यांचं दालन सावकाश बघा.

झाडांना मात्र वेळ द्याच. ही बाग १८६२ सालची, मुळात वनस्पती उद्यान म्हणून लावलेली. फुगीर बुंध्याची गोरखचिंच मुलांना नक्की दाखवा. (माझ्या मते प्राण्यांपेक्षा झाडंच सरस, पण पोरांसमोर हे बोलायची सोय नाही.)

संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं ते याच्यामुळेच. शनिवार-रविवारी गर्दी फार, जमलं तर मंगळवार किंवा गुरुवार बघा.