दोघांसाठी छोटं क्रूझ जहाज: ग्रीसच्या बेटांसाठी निवड कशी करायची

मुंबईहून कॉर्डेलियाने गोव्याला जाऊन आलेल्यांच्या डोक्यात क्रूझ म्हणजे कसिनो, रात्रीचे शो, बुफेची रांग आणि स्विमिंग पूलभोवतीची गर्दी. ते जहाज सुमारे ४८,५०० टनांचं, ७९६ खोल्यांचं. ग्रीसच्या बेटांमध्ये फिरणारं सीड्रीम कंपनीचं जहाज मात्र जेमतेम सव्वाचार हजार टनांचं, आणि त्यात प्रवासी फक्त ११२. दोन्हींना क्रूझच म्हणतात, पण एकाचे निकष दुसऱ्याला लावले की पैसे जातात आणि मनासारखी सुट्टीही होत नाही. अशी जहाजं विकणारे झुंबरं, शॅम्पेन आणि चादरींचे धागे दाखवतात. दोघांच्या सुट्टीचा रंग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर ठरतो: जहाज रोज कुठे, किती वेळ आणि कसं थांबतं.

आधी मार्गपत्रिका, मग जहाज

सफरीची तारीखवार पत्रिका मागवून घ्या आणि प्रत्येक दिवसापुढे चार गोष्टी लिहा: पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, जहाज धक्क्याला लागणार की नांगर टाकून उभं राहणार, आणि त्या दिवशी त्याच बंदरात मोठी जहाजं किती. शेवटची माहिती बंदरांच्या जहाज-वेळापत्रकांत आधीच जाहीर असते, इंटरनेटवर सापडते.

निघण्याची वेळ बारकाईने बघा. ग्रीक बेट जागं होतं संध्याकाळी. दुपारच्या उन्हात दुकानं बंद, गल्ल्या ओस. सातनंतर टेबलं रस्त्यावर येतात. छोट्या जहाजाचा खरा फायदा हा की ते रात्री दहा-अकरापर्यंत थांबू शकतं. पत्रिकेत रोज ‘प्रस्थान सायंकाळी ५’ दिसत असेल, तर छोट्या जहाजाचे पैसे भरून मोठ्या जहाजाचं वेळापत्रक विकत घेतल्यासारखं आहे. आठवड्यात निदान तीन रात्री उशिरा निघणाऱ्या हव्यात, एखाद्या बंदरात मुक्काम असला तर फारच छान.

आता धक्का की नांगर. बऱ्याच छोट्या जहाजांना मागच्या बाजूला पाण्यालगत उघडणारा फलाट असतो. तिथून कयाक, पॅडलबोर्ड घेता येतात, सरळ समुद्रात पोहायला उतरता येतं. जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो याचाच. पण हा फलाट उघडतो तो जहाज नांगरावर असताना, समुद्र शांत असताना आणि बंदराची परवानगी असेल तरच. धक्क्याला लागलेल्या दिवशी तो बंदच. म्हणून सात दिवसांत पाच धक्के असतील तर फलाटासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

सँटोरिनीबद्दल मत स्पष्ट आहे: तिच्यासाठी क्रूझ निवडू नये. ज्वालामुखीच्या विवरातलं पाणी इतकं खोल की नेहमीसारखा नांगर टाकणंच अवघड. जहाज छोटं असो वा मोठं, प्रवासी बोटींतून जुन्या बंदरावर उतरतात. तिथून वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार, नाहीतर ५८८ पायऱ्या. मोठी तीन-चार जहाजं एकदम आली की केबल कारच्या रांगेतच अर्धा दिवस संपतो. शिवाय जुलै २०२५ पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलं आहे, ऐन हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोसला माणशी २० युरो. सँटोरिनी बघायचीच असेल तर सफरीआधी किंवा नंतर फेरीबोटीने जाऊन दोन रात्री राहा. जहाज निवडा ते हिड्रा (या बेटावर मोटारी नाहीत), सिमी, पॅटमोस, नाफ्प्लिओ, मोनेमवासिया अशा ठिकाणांसाठी, जिथे मोठी जहाजं सँटोरिनीच्या मानाने खूपच कमी येतात.

कोरिंथ कालवा पत्रिकेत असेल तर तो दिवस डेकवर घालवा. ६.४ किलोमीटर लांब, तळाशी २१ मीटर रुंद. दोन्ही बाजूंच्या उभ्या कातळभिंती हाताला लागतील असं वाटतं. त्यामुळे तिथून अरुंद जहाजंच जातात.

महिना ठरवताना मेल्तेमीचा विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून येणारा हा वारा निरभ्र आकाशात दिवसेंदिवस वाहतो, आणि मिकोनोस-पारोस-सँटोरिनीच्या पट्ट्यात त्याचा जोर सगळ्यात जास्त. कप्तान अशा वेळी एखादं बंदर गाळतो किंवा बदलतो; करारात त्याला ती मुभा असते आणि त्याची भरपाई मिळत नाही. मे अखेर, जून आणि सप्टेंबर हे महिने बरे. पोहायचं असेल तर सप्टेंबरच, कारण मेमध्ये पाणी अजून गार असतं.

जहाज

जहाजाचे टन म्हणजे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप. त्याला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी किती ऐसपैस ते कळतं. खोलीत दोघं धरून कॉर्डेलियाचा आकडा तिशीच्या आसपास येतो. सीड्रीमचा ३८, पाच डोलकाठ्यांच्या विंड सर्फचा (३४२ प्रवासी) ४३, पोनां कंपनीच्या ल लापेरूझ वर्गातल्या जहाजांचा (१८४ प्रवासी) ५४, आणि सीबोर्न एन्कोरचा (६०० प्रवासी) सत्तरच्या जवळ. म्हणजे सगळ्यात छोटं जहाज सगळ्यात ऐसपैस असतंच असं नाही. एन्कोर मोठं, पण आत माणूस सापडत नाही. सीड्रीमवर दुसऱ्या दिवशी सगळे चेहरे ओळखीचे. एकांत हवा असलेल्या जोडप्याने हे आधीच ठरवावं. शंभर माणसांत अनोळखी राहता येत नाही, सहाशेत येतं.

सीड्रीमची दोन्ही जहाजं १९८४-८५ मधली, नीट राखलेली, पण एकाही खोलीला बाल्कनी नाही. त्याऐवजी वरच्या डेकवर प्रशस्त गाद्या मांडलेल्या असतात आणि आधी सांगितलं तर रात्री तिथे उघड्या आकाशाखाली अंथरूण घालून देतात. ज्यांना खोलीत फक्त झोपायचं आहे त्यांच्यासाठी हे जहाज. सकाळचा चहा स्वतःच्या बाल्कनीत, गाऊन-पायजम्यावर घ्यायचा असेल तर रिट्झ-कार्लटनचं एव्हरीमा (१४९ खोल्या) किंवा पोनांची ल लापेरूझ वर्गातली जहाजं बघा. दोन्हीकडे प्रत्येक खोलीला बाल्कनी आहे. पोनांवर घोषणा फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होतात आणि जेवणाचा थाट फ्रेंच असतो. हे आवडेल की खटकेल ते तुमचं तुम्ही ठरवा.

शिडांच्या मोहात पडणाऱ्यांसाठी एक खुलासा. विंडस्टार कंपनीच्या (विंड सर्फ तिचंच) शिडांच्या जहाजांवर शिडं संगणकाने उघडतात, दृश्य देखणं असतं, पण वेळापत्रक पाळायला बहुतेक वेळ इंजिनच चालतं. दोर ओढणारे खलाशी आणि वाऱ्यावर कललेलं जहाज हवं असेल तर स्टार क्लिपर्सचं रॉयल क्लिपर: पाच डोलकाठ्या, ४२ शिडं. तिथे आलिशानपणा दोन पायऱ्या खाली, नौकानयन मात्र अस्सल.

एक इशारा सगळ्यांनाच लागू. या जहाजांवर प्रवासी बहुतांशी पन्नाशीच्या पुढचे असतात आणि रात्री अकरानंतर सामसूम होते. नाच-गाण्याची हौस असेल तर पैसे परत मागायची वेळ येईल.

खोली

डेकचा नकाशा घ्या आणि खोलीचा वर्ग नाही, क्रमांक निवडा. ‘हमी खोली’ म्हणून स्वस्तात मिळते ती क्रमांकाशिवाय असते. छोट्या जहाजावर त्या नादी लागू नये.

ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकची खोली घ्यावी. लांबीच्या मध्याला हेलकावा सगळ्यात कमी, टोकांना सगळ्यात जास्त. सीड्रीमवर दुसऱ्या डेकला खिडकीऐवजी दोन गोल झरोके आहेत, तिसऱ्या-चौथ्याला मोठ्या खिडक्या. म्हणजे पोट की उजेड, एक निवडावं लागतं. अगदी पुढच्या खोल्यांत पहाटे नांगराची साखळी सुटते तेव्हा खडखडाटाने दोघंही उठून बसतात, आणि धक्क्याला लागताना जहाज कडेला सरकवणारा पुढचा आडवा पंखा घरघरतो. अगदी मागे इंजिनाची थरथर. नकाशात वर काय आहे तेही बघा: खोलीच्या डोक्यावर पूल किंवा नाश्त्याची जागा असेल तर साडेसहाला खुर्च्या ओढल्याचा आवाज ठरलेला.

बोट लागण्याची गोळी लाटा सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आव्होमिनसारख्या गोळीने झोप येते आणि ती दारूबरोबर चालत नाही, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

खाट एकसंध आहे की दोन जोडलेल्या, हे लेखी विचारा. न्हाणीघरात टब आहे की नुसता शॉवर, तेही. सीड्रीमच्या कमोडोर खोल्या दोन खोल्या जोडून केलेल्या, म्हणून त्यांना दोन न्हाणीघरं आहेत. सकाळी तयार व्हायला ज्यांच्यात भांडणं होतात त्यांना ही चैन बाल्कनीपेक्षा उपयोगाची वाटेल.

भाव कसे ताडायचे

छापलेला भाव माणशी असतो, तोही खोलीत दोघं धरून. म्हणून एका कागदावर दोघांचं भाडं, बंदर-कर, बक्षिसी, पेयं, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली, आदल्या रात्रीचं हॉटेल आणि विमानतळ ते बंदर टॅक्सी हे सगळं मांडा, आणि बेरजेला रात्रींनी भागा. हा एकच आकडा ताडायचा. सीड्रीम आणि सीबोर्नच्या भाड्यात दारू व बक्षिसी धरलेली असते, पोनांवर पेयं धरलेली असतात, विंडस्टारच्या मूळ भाड्यात दारू, वायफाय आणि बक्षिसी नसते. ती वेगळ्या पॅकेजमध्ये मिळते. दोघंही दारू न घेणारे असाल तर ‘सगळं समाविष्ट’ म्हणजे शेजाऱ्याच्या शॅम्पेनचे पैसे भरणं. तेव्हा मूळ भाडंच परवडतं.

पैसे डॉलर किंवा युरोत जातात, कार्डावर परकीय चलनाचा अधिभार लागतो. भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर) लागतो. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पण तोवर तेवढी रक्कम अडकते, हे हिशेबात धरा.

जेवण

मासळी खाणाऱ्यांची ईजियन समुद्रात चंगळ आहे. शाकाहारी असाल तर निदान ६० दिवस आधी ईमेल करा, कारण जहाज निघालं की मध्ये पनीर किंवा डाळ आणणार कोण? नुसतं ‘व्हेज’ किंवा ‘जैन’ लिहून भागत नाही. कांदा नको, लसूण नको, बटाटा-गाजरासारखी कंदमुळं नकोत, अंडं चालतं की नाही, माशाचा रस्सा किंवा सॉस नको, जिलेटिन नको, प्राण्यांच्या रेनेटचं (जठरातल्या, दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याचं) चीज नको, असं एकेक लिहा. जहाजावर चढल्याच्या संध्याकाळी मुख्य वेटरला तोच कागद दाखवा. किनाऱ्यावर मात्र सोय होते: पिवळ्या डाळीचा फावा, टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे गिगांतेस, पालकाची स्पनाकोपिता (यात चीज असतं). श्रावण पाळणाऱ्यांनी उपासाचं सामान घरूनच न्यावं. साबुदाण्याची अपेक्षा ठेवू नये.

कागदपत्रं आणि पैसे भरण्याआधीचे प्रश्न

ग्रीससाठी शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) व्हिसा लागतो. जास्त रात्री ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. गोची होते ती कुसादासी किंवा बोडरम पत्रिकेत असलं की. ती तुर्कस्तानातली बंदरं. तिथे गेलं की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत ग्रीसला येताना दुसरा प्रवेश मोजला जातो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर जहाज कंपनी पिरेयसलाच (अथेन्सच्या बंदरावर) चढू देणार नाही. अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि जहाजाची पत्रिका जोडा. तुर्की व्हिसाबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

आगाऊ रक्कम भरण्याआधी आणखी दोन प्रश्न ईमेलने विचारा. एक, या सफरीवर एखाद्या गटाने मोठ्या संख्येने खोल्या घेतल्या आहेत का? ११२ जणांत साठ माणसं एकाच कंपनीची असली की बार, फलाट आणि कप्तानाची मेजवानी सगळं त्यांचंच होतं. दोन, संपूर्ण जहाज कुणी भाड्याने घेतलं तर आमचं काय? छोट्या जहाजांच्या बाबतीत असं होतं. सफर रद्द होते, भाडं परत मिळतं किंवा दुसरी तारीख मिळते, पण विमानाच्या तिकिटाचे पैसे कंपनी देईलच असं नाही. उरलेली रक्कम भरण्याची मुदत साधारण ९० ते १२० दिवस आधी येते. तोपर्यंत विमानाचं तिकीट घ्यायचंच झालं तर बदलता येणारं घ्या, आणि अथेन्सला जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी पोचेल असं.