टायर एका बाजूनेच का झिजतोय?

जुनी गाडी असेल तर थेट अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवून घ्यायला) धावू नका, आधी टायर वाचा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. आतली कड सहसा नजरेतून सुटते. स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा. मग तळवा टायरवर आडवा फिरवा (तारा बाहेर आल्या असतील तर नको, हात कापेल). एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो (वरून पाहता चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय. जागोजागी खोलगट चट्टे असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर संशय घ्या. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे) ढिले असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही, पैसे मात्र जातात.