सिग्नलला दुचाकी कशी थांबवावी, कुठे उभी करावी आणि सुटताना काय पाहावं

चाक थांबलं की थांबणं संपलं, असं बहुतेक दुचाकीस्वार धरून चालतात. सिग्नल लागला, दोन्ही पाय टेकवले, न्यूट्रल केलं, खिशातून मोबाइल काढला. पण मागून येणारी गाडी अजून थांबलेली नसते, आणि तिच्या चालकाने तुम्हाला पाहिलंय की नाही हे तुम्हाला ठाऊक नसतं. चारचाकीला मागून धक्का बसला तर बंपर चेपतो. दुचाकीला बसला तर तुम्ही पुढच्या गाडीवर आदळता. म्हणून चौकातलं थांबणं चौकाच्या पन्नास-साठ मीटर आधी सुरू होतं आणि सिग्नल सुटून चौक ओलांडेपर्यंत संपत नाही.

चौक दिसू लागल्यावर

दुरून हिरवा दिवा दिसला की वेग वाढवायचा मोह होतो. तो दिवा किती वेळ हिरवा आहे हे माहीत नसेल तर तो आता बदलेल असंच समजा. ॲक्सिलरेटर थोडा सोडा, आरशात पाहा, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवा.

आकडे लक्षात असू द्या. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दिवा पिवळा झालेला दिसून हात-पाय हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ११ मीटर तिथेच संपतात. कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लावला तर पुढे आणखी दहाएक मीटर लागतात. एकूण २१, म्हणजे जवळजवळ दोन एसटी बसची लांबी. ओल्या रस्त्यावर हाच हिशोब २६-२७ मीटरवर जातो. ताशी ६० ला कोरड्या रस्त्यावरही ४० मीटर लागतात. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. पिवळा लागला तेव्हा एवढं अंतर हातात असेल तर थांबा. नसेल तर करकचून ब्रेक मारून झेब्रावर घसरत जाण्यापेक्षा त्याच वेगात सरळ निघून जाणं बरं. वेग मात्र वाढवू नका. पिवळ्यात वेग वाढवणारा आणि आडव्या रस्त्यावर हिरव्याच्या आधीच सुटणारा हे दोघे चौकाच्या मधोमध भेटतात.

थांबायचं ठरलं की आधी ब्रेकचा दिवा लागू द्या. पुष्कळ जण नुसता ॲक्सिलरेटर सोडून, गिअर उतरवत गाडी हळू करतात. ब्रेक पॅड वाचतात हे खरं, पण इंजिनने गाडी हळू होते तेव्हा मागचा लाल दिवा पेटत नाही. मागच्याला तुम्ही त्याच वेगात जाताय असंच दिसतं. ब्रेक हलका दाबून-सोडून दिवा दोन-तीनदा लुकलुकवा, मग दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत लावा. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरी ताकद पुढच्या ब्रेकात असते. तो एकदम ओढला आणि हँडल जरासं वळलेलं असलं तर पुढचं चाक घसरतं. हँडल सरळ, नजर लांब.

गिअर गाडी चालती असतानाच एकेक करून उतरवा. चौथ्यात थांबलात तर उभ्या गाडीत गिअर उतरायला कुरकुर करतो, कारण आतले दाते फिरत नसल्याने एकमेकांत बसत नाहीत. मग क्लच थोडा सोड-दाब करत, गाडी पुढे-मागे हलवत पहिला शोधावा लागतो. नेमकी त्याच वेळी पळायची गरज पडली तर?

चौकाची जमीन इतर रस्त्यापेक्षा वाईट असते. उभ्या गाड्यांमधून ठिबकलेलं ऑइल लेनच्या मधोमध साचतं, म्हणून चाकांच्या पट्ट्यातून चाला, मधल्या काळ्या पट्ट्यातून नको. झेब्राचे आणि थांबारेषेचे जाड पांढरे पट्टे पावसात गुळगुळीत होतात. ड्रेनेजची झाकणं, मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटा आणि झिजलेले पेव्हर ब्लॉक यांचंही तेच. जोरात ब्रेक लावायचा तो या जागांच्या आधी. त्यांच्यावर पोचेपर्यंत वेग चालण्याइतका उरलेला असावा. पहिल्या पावसाचे काही तास सगळ्यात वाईट, कारण धूळ आणि ऑइल धुऊन जायच्या आधी त्यांचा चिखल होतो.

कुठे उभं राहायचं

थांबारेषेच्या आत, हे नियमात आहेच. पण त्याला एक व्यवहारी कारणही आहे. रेषा ओलांडून झेब्रावर गेलात की सिग्नलचा खांब तुमच्या मागे किंवा डोक्यावर जातो. मग दिवा कधी बदलला हे मागच्यांच्या हॉर्नवरून ओळखावं लागतं, आणि आपल्याकडे हॉर्न दिव्याच्या आधी वाजतो.

पुढच्या गाडीला चिकटू नका. किमान एका दुचाकीची लांबी, म्हणजे सुमारे दोन मीटर सोडा. मधे रिक्षा घुसेल ही तक्रार खरी आहे. घुसू द्या. ती घुसली तर तुमच्या मागचा धक्का झेलायला तुमच्यापुढे जागा उरत नाही, म्हणून पुन्हा अर्धा मीटर मागे किंवा बाजूला सरका. गाडीच्या बरोबर मध्यावर उभं न राहता बंपरच्या एका कोपऱ्याच्या रेषेत उभं राहा आणि पुढचं चाक शेजारच्या फटीकडे रोखलेलं ठेवा. मागून कोणी न थांबता आलं तर ती फट हीच तुमची सुटका. उजवा कोपरा की डावा, हे तुम्हाला कुठे वळायचंय आणि कुठली फट मोकळी आहे यावर ठरवा. एकदा पुढे-मागे गाड्या थांबल्या की त्याच गाड्या तुमची ढाल होतात.

डंपर, टँकर, काँक्रीट मिक्सर आणि बस यांच्याबद्दल मात्र सवलत नाही. सिग्नलला गाड्यांच्या रांगेतून वाट काढत पुढे जाऊन डंपरच्या नाकासमोर उभं राहणं ही चौकातली सगळ्यात घातक सवय. केबिन उंच असते. तिच्या तोंडाशी उभी असलेली दुचाकी काचेच्या खालच्या कडेखाली जाते आणि चालकाला दिसतच नाही. तो थांबला तेव्हा समोर कोणी नव्हतं, तुम्ही नंतर आलात. दिवा हिरवा झाला की तो क्लच सोडणार. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे त्याची डावी बाजू आणखी आंधळी. त्यात तो डावीकडे वळू लागला की मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. फुटपाथ आणि ट्रक यांच्यामधली जी फट थांबलेली असताना ऐसपैस वाटते, ती वळताना मिटते. इंडिकेटर बंद आहे म्हणून तो सरळच जाईल असं मानू नका.

अवजड गाडीच्या मागेच थांबा, चार मीटर तरी सोडून. चढावर आणखी, कारण सुटताना ती आधी थोडी मागे येते. तिच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

सरळ जायचं असेल तर फ्री लेफ्टची लेन अडवू नका. मागचे चिडतात हा भाग वेगळा, पण तिथे गाड्या न थांबण्याच्या इराद्याने येतात आणि उभ्या दुचाकीची त्यांना अपेक्षाच नसते.

उभं असताना

डावा पाय जमिनीवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. दोन्ही पाय टेकवले की मागचा ब्रेक हातचा जातो आणि गाडी फक्त पुढच्या ब्रेकवर उरते. तो ब्रेक ज्या हातात, त्याच हातात ॲक्सिलरेटर. धक्का बसला की हात आवळला जातो आणि ॲक्सिलरेटर पिळला जातो. शिवाय उजवा पाय टेकवला तर तो वाहतुकीच्या बाजूला बाहेर येतो आणि शेजारून घासत जाणाऱ्या टेम्पोच्या चाकाखाली सापडू शकतो. उंची कमी असेल तर सीटवर थोडं डावीकडे सरका म्हणजे पूर्ण पाऊल टेकेल. पाय टाकण्याआधी खाली बघा: बारीक खडी, ऑइल, खड्डा. रस्ता कडेकडे उतरता असतो, त्यामुळे डावीकडची जमीन वाटते त्यापेक्षा खाली असते.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला, आणि नजर आरशात. मागे एक-दोन गाड्या थांबेपर्यंत असंच राहा. आरशात हेडलाइट मोठी होत चालली आहे आणि तिचं नाक ब्रेक लागल्यासारखं खाली झुकत नाही, असं दिसलं तर ब्रेकचा दिवा लुकलुकवा. तरीही ती येतच असेल तर क्लच सोडून ठरवलेल्या फटीत शिरा. फट आधी ठरवलेली असेल तरच हे जमतं.

मागे गाड्या थांबल्या की न्यूट्रल करायला हरकत नाही. लांबलचक सिग्नलला क्लच धरून ठेवल्याने हात दुखतो आणि केबलवरही ताण येतो. पहिल्या गिअरमध्ये असताना क्लचची केबल तुटली तर गाडी एकदम पुढे उडी मारते. म्हणून गिअरमध्ये असेपर्यंत मागचा ब्रेक दाबलेलाच हवा. ब्रेक असेल तर इंजिन बंद पडेल, एवढंच. एक मिनिटाहून जास्त वेळ असेल तर इंजिन बंद करा, पण टायमरवर दहा सेकंद उरल्यावर सुरू करून गिअर टाका.

गिअर नसलेल्या स्कूटरला हे सगळं थोडं वेगळं. तिथे ॲक्सिलरेटर जरा पिळला की गाडी निघते, मधे क्लचचा अडसर नाही. निदान एक ब्रेक सतत दाबलेला ठेवा. पुढे फूटबोर्डवर लहान मूल उभं करण्याची पद्धत घरोघरी आहे, आणि मूल आधारासाठी हँडल धरतं ते नेमकं ॲक्सिलरेटरपाशी. मुलाला तिथे उभं करूच नका. इलेक्ट्रिक स्कूटरला इंजिनाचा आवाज नसल्याने ती चालू आहे हेच लक्षात राहत नाही. अनेक मॉडेलांत ब्रेक दाबलेला असताना मोटर चालत नाही, म्हणून इथेही ब्रेक सोडायचा नाही.

डबलसीट असाल तर मागच्याला आधीच सांगा: सिग्नलला पाय खाली सोडायचे नाहीत, जागेवर हलायचं नाही, आणि "इथेच उतरतो" असं म्हणून तर मुळीच उतरायचं नाही. डावीकडच्या फटीतून कोणीतरी येतच असतं. पदर, ओढणी आणि रेनकोटची टोकं गुंडाळून बसावं. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं साडीगार्ड आणि धरायला हँडल हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाच्या नियमाने बंधनकारक आहे. दिसायला वाईट म्हणून साडीगार्ड काढून टाकणाऱ्यांनी ते परत बसवावं.

सिग्नल सुटताना

टायमर तीन, दोन, एक करत असताना मागून हॉर्न सुरू होतात. वाजू द्यात. हिरवा झाल्यावर आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहा आणि मगच क्लच सोडा. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे आडव्या रस्त्यावरून लाल तोडून येणारा आधी उजवीकडूनच तुमच्या वाटेत येतो. एक-दीड सेकंद जातो, एवढंच. शेजारच्या लेनमध्ये बस उभी असेल तर तिच्या पलीकडचं काही दिसत नाही. अशा वेळी तिच्या पुढे उसळी मारू नका. तिच्याबरोबरच निघा, आडवं येणाऱ्याला ती आधी दिसते.

गाडी हलली की पाय लगेच फूटरेस्टवर. चालत चालत दोन्ही पाय घासत नेणं चुकीचं, कारण तेवढा वेळ मागचा ब्रेक नसतो आणि टाच मागच्या फूटरेस्टमध्ये अडकू शकते.

चढावर, म्हणजे घाटात किंवा उड्डाणपुलाच्या तोंडाशी, मागचा ब्रेक धरूनच ठेवा. ॲक्सिलरेटर थोडा वाढवा, हाफ क्लचवर इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीने पुढे ओढ घेतली की मग ब्रेक सोडा. क्रम उलटा झाला तर गाडी मागे घरंगळते.

रात्री बऱ्याच चौकांत दिवे लुकलुकत राहतात. लुकलुकता पिवळा म्हणजे हळू आणि बघून जा, लुकलुकता लाल म्हणजे पूर्ण थांबा, पाहा आणि मग निघा. दिवाच नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. समोरचा हा नियम पाळेलच यावर पैज लावू नका.

गाडीत काय तपासायचं

मागच्या दिव्याचा बल्ब पुष्कळ गाड्यांत २१/५ वॅटचा असतो: आत दोन तारा, ५ वॅटची टेललाइटला आणि २१ वॅटची ब्रेकला. ब्रेकची तार जळली तरी टेललाइट पेटलेली दिसते, त्यामुळे बिघाड महिनोन्‌महिने कळत नाही. आठवड्यातून एकदा अंधारात गाडीची पाठ भिंतीकडे करून दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा आणि उजेड वाढतो का पाहा. पुढच्या ब्रेकने वाढला आणि मागच्याने नाही, किंवा मागचा फार खोल दाबल्यावर वाढला, तर पेडलजवळच्या स्विचचं नट फिरवून तो थोडा वर घ्यावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे.

क्लचच्या लिव्हरला टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढिलाई हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. केबल तुटते ती बहुधा लिव्हरपाशी, केबलच्या टोकाच्या गोळीजवळ. तिथली एखादी तार सुटून उभी राहिलेली दिसली की वाट न बघता केबल बदला.

आरसे केस विंचरायच्या कोनात नकोत. सीटवर नेहमीसारखं बसून कोपर आरशाच्या कडेला जेमतेम दिसेल आणि उरलेला सगळा आरसा मागचा रस्ता दाखवेल, असे लावा.