बर्फातल्या रानटी एल्कचे फोटो

बर्फात कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर हमखास फसतं. समोरचा पांढरा पसारा ते करड्यावर आणतं आणि फ्रेम मळकट होते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ पासून सुरू करा; उन्हातल्या ताज्या बर्फाला +१.७ सुद्धा लागतं. एल्कने (हे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) फ्रेम भरली, की त्याच्या काळपट मानेमुळे गणित उलटतं, मग शून्याकडे या. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजवीकडे झुकलेला हवा, पण कडेला चिकटलेला नको. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, सावल्यांमधला निळेपणा नंतर कमी करता येतो. (सगळा काढू नका, थंडी त्यातच दिसते.)

बर्फ पडत असेल तर ऑटोफोकस जवळच्या हिमकणांवर अडकतो. एकच फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवा. १/१००० सेकंद शटरला कण ठिपके होतात, १/१२५ च्या आसपास रेघा. स्थिर उभ्या एल्कला रेघा जास्त शोभतात.

जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत घाला आणि तो खोलीइतका गरम झाल्यावरच काढा, नाहीतर त्यावर बाष्प धरतं.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एल्कपासून किमान २३ मीटर अंतर सक्तीचं आहे, त्यामुळे ४०० ते ६०० मिमी लेन्स हवी. तिथला गार्डिनर ते कुक सिटी रस्ता हिवाळ्यातही गाड्यांना खुला असतो. खिडकीतून टिपताना इंजिन आणि हीटर बंद करा. गरम हवेच्या लहरींनी फोटो धूसर येतो, आणि दोष मात्र लेन्सला दिला जातो. एल्क मान वर करून रोखून पाहू लागला, की मागे सरा. हिवाळ्यात तो साठवलेल्या चरबीवर तगतो, पळवणं त्याला महागात पडतं. शिंगं हवी असतील तर मार्चआधी जा, त्यानंतर नरांची शिंगं गळू लागतात.