कोविडकाळातला हेल्पलाइनचा फोन: आधी काय विचारायचं

फोन उचलला की नावाच्याही आधी दोन गोष्टी विचारा: लाइन तुटली तर याच नंबरवर उलट फोन करू का, आणि आत्ता मोकळेपणी बोलता येईल का? २०२०च्या टाळेबंदीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं. मागे कुकरची शिट्टी आणि बाई नुसतं 'हं... हं' करतेय, तर हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचारा. कुणी जवळ आलं की 'राँग नंबर' म्हणून ठेवायचं, हेही तेव्हाच ठरवा. मारहाण चालू असेल, जिवाला धोका असेल तर ११२, म्हणजे पोलिसांची तातडीची मदत. एरवी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या, पण तिला न विचारता पोलीस धाडू नका. ते गेल्यावर रात्री ती त्याच घरात असते.

'धाप लागतेय, कोविडच असणार' म्हणणाऱ्याला घाईनं धीर देऊ नका. आधी ऑक्सिमीटर, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. पाच मिनिटं शांत बसवा, नेलपॉलिश पुसायला सांगा, गार बोटं चोळायला लावा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. आकडा स्थिरावायला मिनिटभर द्या. ९४च्या खाली असेल तर लगेच डॉक्टर किंवा १०८, म्हणजे रुग्णवाहिका. छातीतली कळ हातात, जबड्यात जात असेल तरी १०८च, मग आकडा कितीही असो. आकडा ९७-९८, ताप-खोकला नाही आणि ओठांभोवती मुंग्या येतायत, तर बहुधा भीतीनं भराभर श्वास घेतला जातोय. चार मोजत नाकानं आत, सहा मोजत बाहेर. मोजायचं तुम्ही, फोनवर, मोठ्यानं. 'शांत व्हा' म्हटल्यानं आजवर कुणी शांत झालेलं नाही.

दुकानं बंद झाली की दारूचे फोन येतात, बहुतेक घरच्यांचे. शेवटची कधी घेतली, ते विचारा. रोज पिणाऱ्याला काही तासांतच थरथर सुटते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात. 'बरं झालं, सुटली' हे इथे जिवावर बेतू शकतं. सरळ दवाखान्यात न्यायला सांगा.

'जगून काय करू' ऐकलं की आडून नको, सरळ विचारा: 'आत्महत्येचा विचार येतोय का?' विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर कशानं, कधी, ती वस्तू जवळ आहे का, हे विचारा. घरातल्या दुसऱ्या माणसाला फोनवर घ्या, फवारणीच्या विषाचा डबा असेल तर तो त्याच्या हाती शेजारी पाठवा आणि तो परत येईपर्यंत फोन ठेवू नका. मग १४४१६, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तास चालणारा नंबर (२०२०मध्ये तो नव्हता, २०२२पासून आहे), कागदावर लिहून घ्यायला सांगा आणि परत वाचून दाखवायला लावा.