आरोग्य उपकेंद्राचा आराखडा करण्याआधी: गरज कशी मोजायची, सेवा कशा तपासायच्या

गावाची आरोग्याची गरज आणि मिळणाऱ्या सेवा मोजण्याचं हे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावं. पावसाळी आजार तेव्हा भरात असतात, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं अजून गावात असतात आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायला हातात काहीतरी ठोस येतं. जानेवारीत गेलात तर बीडकडच्या कित्येक तांड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसंच भेटतात. ज्यांचे सर्वांत जास्त हाल होतात, तेच मोजणीतून सुटतात.

आधी लोकसंख्या पक्की करा. २०११ च्या जनगणनेवर विसंबू नका. आशांच्या कुटुंब पाहणीतून वस्तीनिहाय आकडा घ्या. निकषाप्रमाणे सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असतं. वीटभट्टी, पालं, शेतावरचे सालगडी कोणत्या आशाताईंकडे आहेत, ते नाव घेऊन विचारा. ‘दोघींच्या मध्ये येतं’ असं उत्तर आलं, तर ती वस्ती कोणाकडेच नाही असं धरून चाला.

मग अपेक्षित आकडा काढा. समजा लोकसंख्या ५,००० आणि जन्मदर हजारी १५, म्हणजे वर्षाला ७५ जन्म. गर्भपात आणि मृतजन्म धरून त्यात १० टक्के मिळवा: साधारण ८३ गरोदर माता. पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी झाली तर प्रत्येकीचं नाव सहाएक महिने चालू राहतं, म्हणून कोणत्याही महिन्यात रजिस्टरमध्ये चाळीसेक नावं दिसायला हवीत. पंचवीसच दिसली तर लगेच ‘काम होत नाही’ असा शेरा मारू नका. पहिलटकरीण माहेरी गेलेली असते, कोणी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात नाव घातलेलं असतं, किंवा जन्मदरच तुम्ही धरलाय त्याहून कमी असतो. उलट माहेरवाशिणींची नावं दोन्हीकडे चढतात. आशाताईंना सोबत बसवून एकेक नाव लावून घ्या.

त्याच नावांची पुढे गळती कुठे होते ते पाहा. वेळेत नोंदणी किती, चार तपासण्या किती, लोहाच्या १८० गोळ्या मिळाल्या किती जणींना आणि खाल्ल्या किती जणींनी (हे दोन रकाने वेगळे हवेत), हिमोग्लोबिन ११ च्या खाली किती, ७ च्या खाली किती, पुन्हा कधी तपासलं. एकाच शाईत ओळीने १०, १०.२, १० असे आकडे दिसले की साठा रजिस्टर उघडा. महिन्यात हिमोग्लोबिनच्या तीस तपासण्या आणि तपासणीच्या पट्ट्या संपल्या बारा, तर उरलेले अठरा आकडे अंदाजाने लिहिलेले आहेत.

सेवांची यादी भिंतीवरच्या फलकावरून उतरवू नका. पदांसाठी तीन रकाने करा: मंजूर, भरलेली, मुक्कामी. औषधांपैकी पंधरा निवडा. ओआरएस, झिंक, लोहाच्या गोळ्या, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या त्यात हव्यातच. गेल्या तीन महिन्यांत प्रत्येक औषध किती दिवस शून्यावर होतं ते मोजा. कुत्रा चावल्यावरची लस आणि सर्पदंशावरचं प्रतिविष प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डोळ्यांनी पाहा, मुदतीची तारीखही. रक्तदाबाचं यंत्र असतं, पण सेल नसतात. म्हणून प्रत्येक उपकरण चालवून बघा. अंतर किलोमीटरमध्ये लिहून उपयोग नाही. सर्वांत लांबच्या वस्तीवरून रात्री अकराला १०८ ला फोन केला तर गाडी किती वेळात येते, आणि ओढ्याला पाणी असेल तर येते का, हे गेल्या वर्षभरात ज्यांना गरज पडली त्यांच्याकडून विचारून लिहा. खासगी डॉक्टर, मेडिकलवाला, भगत, बोगस डॉक्टर हेही नकाशावर हवेत. ताप आला की लोक आधी तिथेच जातात.

घरोघरची पाहणी हजार घरांपैकी शंभर घरांत पुरते: पहिलं घर चिठ्ठी टाकून, पुढे दर दहावं. टक्केवारी दहाएक अंशांनी इकडेतिकडे होईल, नियोजनाला तेवढं चालतं. कुलूप असलं तर शेजारचं घर घेऊ नका, संध्याकाळी परत या. दिवसा कुलूप असतं ते मजुराच्याच घराला. बालमृत्यू, मातामृत्यू यांना मात्र नमुना चालत नाही, तिथे सगळी घरं घ्यावी लागतात.

गटचर्चा वस्तीनिहाय आणि बायकांची वेगळी, आठ-दहा जणींची. सरपंच नकोत, ग्रामसेवकही नकोत. ‘काय हवं?’ विचारलंत की ‘डॉक्टर हवा, रस्ता हवा’ हेच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात घरात कोण आजारी पडलं, आधी कुठे नेलं, किती पैसे गेले, ते कुठून आणले? शेवटी प्रत्येकीला दहा चिंचोके द्या आणि जमिनीवर काढलेल्या चित्रांवर तिच्या मते जो त्रास मोठा, त्यावर जास्त ठेवायला सांगा. हा क्रम आणि रजिस्टरमधला क्रम सहसा जुळत नाही. जिथे जुळत नाही, तिथे पुन्हा जा; पांढरं पाणी, दारू, कंबरदुखी यांना रजिस्टरमध्ये रकानाच नसतो.

प्रश्न निवडताना तीन गोष्टी पाहा: किती जणांना, किती गंभीर, कोणाच्या हातात. टीसीएलचा (पाणी शुद्ध करायच्या पावडरीचा) साठा आणि टाकी धुणं ग्रामपंचायतीचं, रिकामं पद जिल्हा परिषदेचं. एकाच ठरावात दोन्ही घातलीत तर दोन्ही रखडतात. गाव आरोग्य समितीचा अबंधित निधी (समितीने गरजेप्रमाणे खर्चायचा) तुटपुंजा असतो, त्यातून वजनकाटा दुरुस्त होतो, खोली बांधून होत नाही. मोठा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात घाला.

ग्रामसभेत आकडे वाचताना क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात यांच्या नावांचा कागद सोबत नेऊच नका. आणि दहा घरांच्या वस्तीचा आकडा शेजारच्या वस्तीत मिळवूनच सांगा. तिथे ‘एक रुग्ण’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते.